वेळ आली होती, पण हे म्हणायचं कोणी?

आमच्या धंद्यात दोष टक्क्यांत मोजतात. ट्रकवाला ७०, मोटारसायकलवाला ३०. हेल्मेट नव्हतं, ट्रिपल सीट होते, वळताना हात दाखवला नाही, असं काही निघालं की विमा कंपनीचे वकील उलटतपासात त्या ३० चे ५० करायला बघतात आणि मी १० वर आणायला बघते. मधल्या सुट्टीत आम्ही दोघं एकाच कँटीनमध्ये चहा पितो. जखमीच्या किंवा मयताच्या स्वतःच्या अशा दोषाला कोर्टाच्या भाषेत काँट्रिब्युटरी निग्लिजन्स म्हणतात. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात मी मोटार अपघाताचे दावे चालवते, बहुतेक वेळा मयताच्या घरच्यांकडून, क्वचित गाडीमालकाकडून. त्याआधी बीएला तत्त्वज्ञान घेतलं होतं. त्याचा उपयोग काय, हे घरच्यांनी तेव्हाच विचारून घेतलंय, त्यामुळे तुम्ही नाही विचारलं तरी चालेल.

हे टक्के येतात पंचनाम्यातून. रस्त्याची रुंदी किती, टायर घासल्याच्या खुणा कुठून कुठपर्यंत, काचा कोणत्या बाजूला पडल्या, गाडीचं तोंड कुठे होतं. फिर्याद कोणाचीही असो, वाक्य ठरलेलं असतं: हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात. मग रकमेचा हिशेब. मयताचं वय २६ ते ३० असेल तर वर्षाच्या उत्पन्नाला १७ ने गुणायचं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातलं कोष्टक. २०१७ च्या प्रणय सेठी निकालानं बाकीचेही आकडे बांधून दिले: अंत्यविधीसाठी १५,००० आणि जोडीदाराची साथ गेली त्याबद्दल ४०,०००. दर तीन वर्षांनी त्यात १० टक्के वाढ. माणसाच्या जिवाचा भाव लावता का, म्हणून या कोष्टकांना नावं ठेवणारे खूप भेटतात. मी नाही ठेवत. कोष्टक नसलं की ज्याचा वकील चांगला त्याच्या मयताचा भाव जास्त लागतो.

गंमत अशी, की ही रक्कम ज्याचा दोष ठरला त्याच्या खिशातून सहसा जात नाही. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पैसे कंपनी देते. कायदा तर आणखी पुढे गेलाय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातच कलम १४० होतं: चूक कोणाची हे न विचारता मृत्यूसाठी ठरावीक रक्कम, आधी २५,००० आणि १९९४ पासून ५०,०००. आता कलम १६४ खाली ती ५ लाख आहे. म्हणजे पैशाला दोषाची वाट बघायला लावू नये, घरात चूल पेटायची थांबते, एवढं कायद्याला कळलंय. मला ते मान्यच आहे. पण पैसा असा बाजूला काढला, तर दोष म्हणून जे मागं उरतं ते नेमकं काय असतं?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बाईंच्या तडजोडीच्या दिवशी हा प्रश्न मला पहिल्यांदा नीट दिसला. बाई बिड्या वळणाऱ्या. मुलगा कारखान्यात मागावर होता, पहाटे पाळी संपवून सायकलवर घरी येताना ट्रकखाली गेला. लोक अदालतीत आकडा ठरला, आणि आकडा चांगला होता, हे मी वकील म्हणून सांगते. बाईंनी तेलुगूत सही केली. मग खुर्चीवरून न उठता विचारलं, "मालक कोन म्याडम? आला नाय का?"

मालक आला नव्हता. अधिकारपत्र घेऊन मॅनेजर आला होता, तो मोबाईलवर बोलत बाहेर उभा होता. मी म्हटलं, मावशी, पैसे तर मिळाले ना.

"पैसे कंपनीनी दिलं. मालकानी काय दिलं?"

समोरचे वकील माझे चांगले स्नेही आहेत. त्यांना नंतर विचारलं, तर म्हणाले, मीच त्याला सांगितलं होतं येऊ नको म्हणून. तो येऊन बाईंपुढे हात जोडणार, उद्या दुसऱ्या कोर्टात कोणीतरी त्याला कबुली म्हणणार. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं. आमचं शिक्षणच तसं असतं.

पीटर स्ट्रॉसन नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं १९६२ साली ब्रिटिश अकॅडमीत एक व्याख्यान दिलं होतं. त्या काळी वाद असा चालायचा, की जगातली प्रत्येक गोष्ट आधीच्या कारणांनी ठरलेली असेल तर माणसाला दोष देणं योग्य आहे का. एका बाजूचे म्हणायचे, नाही, कारण त्याला दुसरं काही करताच आलं नसतं. दुसऱ्या बाजूचे म्हणायचे, द्यावा, कारण दोष आणि शिक्षा दिली की लोक सुधारतात. स्ट्रॉसन म्हणाला, दोघंही माणसं एकमेकांशी वागतात कशी हे बघायलाच विसरलेत. कोणाचा चुकून माझ्या हातावर पाय पडला आणि कोणी मला तुच्छ लेखून मुद्दाम पाय दिला, तर दुखणं तेवढंच असेल; पण दुसऱ्या वेळी मला जो राग येईल तो पहिल्या वेळी येणार नाही. हा राग, कृतज्ञता, क्षमा, दुखावलं जाणं, यांतूनच आपण समोरच्याला माणूस म्हणून धरून असतो. हे सगळं काढून घेतलं की उरतो तो दुसरा एक दृष्टिकोन. त्यात समोरच्यावर रागवायचं नसतं, त्याला हाताळायचं असतं, आवरायचं असतं, बरं करायचं असतं.

हे वाचताना मला वहिनी आठवल्या. काकूंनी सुनेवर पाटल्या चोरल्याचा आळ घेतला होता, तोही हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर. वहिनी वर्षभर धुमसत होत्या. शेंगा कुटताना खलबत्त्यात कोणाला कुटतायत ते शेजारच्यांनाही कळायचं. मग डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचं निदान केलं आणि राग एका दिवसात गेला. सगळ्यांना हायसं वाटलं. पुढे कधीतरी वहिनी मला म्हणाल्या, "आता मी त्यांच्याशी भांडत नाही गं. आता मी त्यांना सांभाळते." त्या फार चांगलं सांभाळायच्या. पण ज्या सासूशी भांडता येत होतं ती सासू गेली, आणि ते त्यांना घरातल्या सगळ्यांच्या आधी समजलं होतं.

बिडीवाल्या बाईंना मालकाला तुरुंगात घालायचं नव्हतं. तसं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. रागवायला समोर कोणी हवं होतं. मालकानं मॅनेजर धाडला म्हणजे रागवण्याजोगा माणूस म्हणून स्वतःला त्या खोलीतून काढून घेतलं. पैशाची जबाबदारी कंपनीवर टाकता येते, त्याची पावतीही मिळते. ही दुसरी जबाबदारी परस्पर कोणावर टाकायची सोय नाही. तो फक्त टाळू शकतो, आणि त्यानं टाळली.

उलट बाजूची फाईलही माझ्याकडे होती. एमआयडीसीतून चादरींचे गठ्ठे घेऊन निघालेला टेम्पो, अक्कलकोट रोड, उभ्या गाडीच्या आडून एकदम पळत आलेलं पोरगं. वेग कमी होता, ब्रेक चांगले होते, दारू नव्हती, साक्षीदारांनी एकमुखानं सांगितलं की याला काही करताच आलं नसतं. फौजदारी खटल्यातून ड्रायव्हर निर्दोष सुटला. काही दिवसांनी त्याची बायको ऑफिसात आली. "वकीलबाई, तुम्ही एकदा यांना समजावून सांगा. कोर्टानं सोडलंय तरी स्टेअरिंगला हात लावंनात. गड्ड्याच्या जत्रंत पोरांना पाळण्यात बसवायलाबी आले न्हाईत." मी त्याला बोलावलं आणि निकालपत्रातला परिच्छेद मराठीत करून सांगितला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"कागदात बरोबर हाय मॅडम," तो म्हणाला. "पर गाडी माझीच व्हती न्हवं?"

बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञानं १९७६ च्या एका चर्चासत्रातल्या निबंधात नेमका हाच माणूस उभा केलाय: लॉरीचा ड्रायव्हर, काहीही चूक नसताना ज्याच्या गाडीखाली मूल येतं. तिथे उभ्या असलेल्या कोणालाही वाईट वाटेल, पण ड्रायव्हरला वाटणारं वेगळं असेल, कारण ते त्याच्या हातून झालंय. आपण त्याला समजावू, तुझी चूक नाही म्हणू, आणि ते बरोबरच आहे. मात्र, विल्यम्स म्हणतो, जो ड्रायव्हर फार लवकर आणि फार सहज समजून घेईल त्याच्याबद्दल आपल्या मनात थोडी शंका येईल. त्याच चर्चासत्रात तत्त्वज्ञ थॉमस नेगेलनं नशिबाची दुसरी बाजू मांडली. आपल्याकडे ती अशी होईल: मोहोळच्या अलीकडच्या एका ढाब्यावरून दोघं सारखीच पिऊन सारख्याच वेगानं निघाले. एक घरी पोचून झोपला, दुसऱ्याच्या पुढे माणूस आला. पहिला सापडलाच तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याला आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत. दोघांच्या मनात तर एकच होतं! बीएला असताना मला हा भयंकर अन्याय वाटायचा. आता एवढा वाटत नाही. दोष म्हणजे फक्त मनाच्या आतलं मोजणं असतं, तर तो अन्याय झाला असता. पण ज्याच्या दारात प्रेत गेलं त्याला दुसऱ्याला काही विचारायचंय, आणि पहिल्याला विचारणारा पोलिसाशिवाय कोणी नाही.

इथेच माझं म्हणणं आहे, आणि ते पुस्तकातल्यापेक्षा कॉरिडॉरमध्येच मला जास्त दिसलंय. दोष हवेत तरंगत नसतो. तो कोणाच्या तरी तोंडून येतो, आणि कोणाच्या तोंडून येतो त्यावर तो दोष आहे का नुसती आरडाओरड हे ठरतं. दोष मागे घेण्याचंही तसंच.

महाभारतातल्या अनुशासनपर्वाच्या सुरुवातीची गौतमीची गोष्ट फार जणांना माहीत नसते. भीष्म शरपंजरी आहे आणि युधिष्ठिराला खाणं गोड लागत नाही: तुमची ही दशा माझ्यामुळे झाली. तेव्हा भीष्म सांगतो. गौतमी नावाच्या म्हातारीचा मुलगा साप चावून मेला. अर्जुनक नावाच्या व्याधानं तो साप पकडला, दोरीनं बांधून तिच्यापुढे आणला आणि विचारलं, याला जाळू का तुकडे करू? ती म्हणाली, सोड, यानं माझं पोर परत येणार नाही. व्याध ऐकेना. साप म्हणाला, माझा काय दोष, मला मृत्यूनं धाडलं. मृत्यू आला, म्हणाला, मी काळाच्या हुकमाचा. काळ आला, म्हणाला, आम्ही कोणीच नाही, हे त्या मुलाचं स्वतःचं कर्म. गौतमीनं ते मान्य केलं, माझंही कर्म त्यात आहे म्हणाली आणि सापाला सोडवलं.

ड्रायव्हर म्हणतो मालकानं वेळेत पोचायला सांगितलं. मालक म्हणतो विमा उतरवलाय, त्यांना विचारा. कंपनी म्हणते लायसन बघा. पॉलिसीच्या अटी काढल्या जातात. रस्त्यावर खड्डा कोणी ठेवला आणि दिवसा शहरातून जड वाहतूक कोणी सोडली, त्यांना तर आम्ही सामनेवाला क्रमांक चार करायच्याही भानगडीत सहसा पडत नाही. सगळे निमित्तमात्र. व्यासांनी मोटार अपघात न्यायाधिकरण पाहिलं नव्हतं यावर माझा पूर्ण विश्वास बसत नाही.

पण ही गोष्ट मला पटते आणि पटत नाही. गौतमी म्हणते तेव्हा पटते. काळ म्हणतो तेव्हा चीड येते. मेलेल्या पोराचं कर्म! कोर्टाच्या जिन्यात हे मी अनेकदा ऐकलंय: "काय करणार, त्याची वेळ आली होती." मयताची आई म्हणाली तर तिच्यापुढे मान खाली जाते, तिनं आपल्या हातातलं काहीतरी सोडलंय. गाडीमालक म्हणाला तर तीच हरामखोरी होते. वाक्यात कानामात्रेचा फरक नाही. विधान खरं का खोटं एवढंच बघायचं असतं, तर दोघांना सारखेच मार्क द्यावे लागले असते. आणि व्याधाचं काय? त्याचा राग खरा असेल, पण पोर त्याचं नव्हतं. त्याला ना शिक्षा ठरवता येत होती, ना क्षमा करता येत होती. म्हणून तर तो साप घेऊन गौतमीकडे आला, एवढी त्याला अक्कल होती.

जमावाला ती नसते. अपघातानंतर गाडी अडवून ड्रायव्हरला उतरवून मारणाऱ्यांत मयताला ओळखणारं बरेचदा कोणीही नसतं. तो राग उसना असतो. न्याय संहितेत कलम १०६ चं दुसरं पोटकलम आलं, अपघात करून पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळालात तर १० वर्षांपर्यंत, आणि जानेवारी २०२४ मध्ये देशभरातल्या ट्रकचालकांनी संप केला. त्यांचं म्हणणं साधं होतं: थांबलो तर लोक जिवंत ठेवणार नाहीत. १ जुलै २०२४ पासून बाकीची संहिता लागू झाली, तेव्हा तेवढं पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. ड्रायव्हरनं थांबावं आणि त्या घराला सामोरं जावं असं मला वाटतं, पण जमावानं ते सामोरं जाणंच अशक्य करून टाकलंय.

दोष देणाऱ्याला तो द्यायचा अधिकार आहे का, हे सोलापूरला निराळं शिकवायला नको. मे १९३० मध्ये इथे गोळीबार झाला, लोक पेटले, पोलीस मारले गेले, इंग्रजांना मार्शल लॉ पुकारावा लागला. जमावानं जे केलं त्याचा दोष सरकारनं चौघांच्या गळ्यात घातला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. खटला चालला, निकाल लागला, वरची न्यायालयं झाली, सगळं कागदोपत्री रीतसर. शहरानं त्या निकालाला कधीच निकाल मानलं नाही. निकाल देणाऱ्याला विचारायचा हक्कच नाही म्हटल्यावर त्यातले मुद्दे कोणी कशाला खोडत बसेल? पुतळे उभे केले आणि चौकाला नाव दिलं.

माझा ज्युनिअर हे सगळं ऐकून म्हणाला, मॅडम, मग ज्याचं कोणीच नाही त्याचं काय? नातेवाईक नाहीत, दावा नाही, क्षमा करणारं कोणी नाही. तुमच्या हिशेबानं त्याला उडवणाऱ्याला दोष द्यायचा हक्क कोणालाच उरत नाही.

पोरगं हुशार आहे. आणि तशी एक फाईल आम्ही दोघांनी पाहिलेली होती. हैदराबाद रोडला एक अनोळखी इसम, वय अंदाजे ५५, कपड्यांवरून मजूर वाटणारा. ओळख शेवटपर्यंत पटली नाही. अशा वेळी पोलीसच फिर्यादी होतो, सरकारतर्फे. इथे एक हवालदार होता. प्रेत त्यानंच उचलून गाडीत ठेवलं होतं, पुढचं सगळं त्यानंच केलं होतं. दुसऱ्या पोलीस ठाण्यात बदली झाली तरी कोर्टात तारखेला आला की माझ्याकडे डोकवायचा. "त्या बेवारस केसचं काय झालं हो मॅडम?" ती केस माझी नव्हती. मी सरकारी वकिलांच्या कारकुनाला विचारून सांगायचे, म्हणायचे, पुढची तारीख पडलीय.

शेवटी ड्रायव्हरनं गुन्हा कबूल केला आणि दंड भरून मोकळा झाला. मी हवालदाराला फोन करून कळवलं. त्यानं आधी रक्कम विचारली. मी सांगितली. मग त्यानं त्या ड्रायव्हरला, त्याच्या मालकाला आणि ओघानं आम्हा सगळ्या काळ्या कोटवाल्यांना ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. मी फोन ठेवला नाही. त्याचा राग उसना आहे, असंही मला म्हणवेना. ज्युनिअर समोर बसून हे ऐकत होता आणि हसत होता. त्याला मी अजून उत्तर देणं लागते.